शिडी कोणी धरली

अकरा विरोधी पक्षांची आघाडी झाली तेव्हा पेंटरने मनातल्या मनात जमेचा हिशेब मांडला होता. संसदेची निवडणूक तोंडावर. आता भिंतीवरून मारामाऱ्या नाहीत, पक्षाची निशाणी म्हणून आपण काढलेल्या किटलीला कोणी डांबर फासणार नाही, आणि सरकार पडलंच तर पंचवीस वर्षं किटल्या रंगवल्याचं चीज होईल.

वजाबाकी सकाळी दहाला दारात आली. पुढे साहेब, म्हणजे किटलीवाल्यांचे शहराध्यक्ष. मागे कुलूपवाल्यांचा पैलवान.

गेल्या निवडणुकीत याच पैलवानाने घराच्या याच भिंतीपाशी शिडीला लाथ घातली होती. पेंटरचा उजवा पाय तेव्हापासून गुडघ्यात वाकत नाही. सोमवारी त्या केसमध्ये कोर्टात पेंटरची साक्ष होती.

"ही जागा कुलूपवाल्यांना सुटली," साहेब म्हणाले. "किटली पुसून कुलूप काढ."

"माझ्या घरावर?"

"रस्त्यावरनं पहिली दिसते ती हीच भिंत. आणि या कागदावर सही कर. आपसात मिटलं म्हणून. आघाडीतच एकमेकांवर केसेस, बरं दिसतं का?"

बायको दारातून म्हणाली, "पाय यांचा मोडला आणि मिटवताय तुम्ही?"

"वहिनी, वरून ठरलंय."

"वर कोणाचा मोडलाय?"

पैलवान आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"आणि नाही केली सही?" पेंटरने विचारलं.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाकी साक्षीदार दोघं. दोघंही आपलेच कार्यकर्ते. काल विचारलं, तर त्यांना काही आठवेना."

पेंटरने रंगाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. बायको आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"पांढऱ्याचा एकच हात मार," साहेब म्हणाले. "दुपारी उमेदवार येतोय."

"एका हातात किटली जात नाही, साहेब."

"जाते रे. लांबून कोण बघतंय!"

पैलवानाने पुढे होऊन शिडी धरली. "बिनधास्त चढा काका. मी आहे ना."

पेंटर चढला. पांढरा वाळेपर्यंत वरच थांबला, मग कुलूप काढलं. कडी, किल्लीचं भोक, सगळं मापात. बाजूने किटलीची तोटी तेवढी पुसट दिसत राहिली.

उतरताना तो चौथ्या पायरीवर अडकला. ताठ पाय खालची पायरी शोधत हवेत हलत राहिला. एरवी बायको खाली उभी राहून टाच धरायची आणि पाय पायरीवर ठेवून द्यायची. त्याने दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

पैलवानाने दोन्ही हातांनी तो पाय धरला. ठेवायला गेला आणि थबकला.

"काका," तो हळूच म्हणाला, "हा तर वाकतच नाही."

पायरीला घट्ट धरून पेंटर त्या हातांची वाट बघत राहिला.

तो जमिनीवर टेकताच साहेबांनी मोबाइल समोर धरला. "खांद्यावर हात टाका दोघं. हसा की जरा!"

फोटोत नवंकोरं कुलूप आलं. पैलवानाचा हात आला, पेंटरचे दात आले, कोपऱ्यात साहेबांचा अंगठाही आला. पाय तेवढा मावला नाही.