खिडकीतून आलेला घंटावाला

"कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही," बंबवाले उशीवरून म्हणाले, "पण काल दुपारी घंटावाला या खिडकीतून आत आला."

"इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर?" बायकोने विचारलं.

"शिडी लावून! जिन्याने यायला तो काय पाहुणा आहे?"

बायको हसली नाही. उभी हयात आगीचा बंब चालवलेल्या या माणसाच्या थापांवरच तिने संसार रेटला होता. एकदा म्हणे बंबातलं पाणी संपलं, तेव्हा यांनी सोड्याच्या बाटल्या फोडून गोदाम विझवलं. थाप मारताना ते एक डोळा बारीक करत. आज दोन्ही डोळे सताड उघडे होते. आणि बंबावर त्यांच्या शेजारी बसून घंटा बडवणारा तो जोडीदार कधीच वारला होता.

तेवढ्यात लेक आली. ती थेट बाबांच्या उशाशी गेली. आईकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीचा राग नाकाच्या शेंड्यावर. आईने ते मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं.

"पाणी दे," बंबवाले म्हणाले. "बंबभर."

"घोटभर," लेक म्हणाली आणि चमच्याने त्यांचे ओठ भिजवले.

"रक्तातलं मीठ उतरलंय ना? मग चिमूटभर चाटवा आणि मोकळे व्हा!"

लेकीने परवा तेच केलं होतं. घरून मीठ घातलेलं सरबत गुपचूप आणलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच फैलावर घेतलं. मीठ कमी नाही, पाणी जास्त झालंय. यकृत कामातून गेलं की अंगात पाणी तुंबतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. फार पातळ झालं तर भ्रम, आकडी, बेशुद्धी. आणि घाईने वर चढवलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण सोलवटतं. माणूस टक्क जागा राहतो, पण जीभ हलत नाही की बोट हलत नाही. म्हणून सगळं हळूहळू.

बंबवाल्यांना हळूहळू ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेला 'मी ठणठणीत' असं ठोकून देऊन ते घरी गेले आणि न्हाणीघरात आकडी येऊन कोसळले. बायको तिथेच होती, पण तिचा हात काही पुढे झाला नव्हता. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

डॉक्टरीणबाई आल्या.

"काय बंबवाले, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि तुम्ही मला तहानेने मारताय, त्याचा हा चौथा दिवस."

"वा! डोकं चालतंय. आता खरं सांगा. नसलेली माणसं दिसतात का अजून? दिसत असतील तर घरी सोडणार नाही. पुन्हा आकडी आली तर या वेळी वाचवता येईलच असं नाही."

"आणि दिसत नसतील तर?"

"तर संध्याकाळी घरी."

बंबवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग एक डोळा बारीक केला.

"नाही हो बाई. दिसतात ती सगळी जिवंत माणसं."

बायको लगबगीने पुढे झाली. ती खाटेवर वाकली.

"अहो, खरं सांगा ना! परत पडलात तर मी एकटी काय करू?"

"तू गप्प बस गं!" ते खेकसले. "तुझ्यासाठीच तर घरी चाललोय."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. लेकीने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"थाप मारलीत, बाबा," ती म्हणाली. "आई अजून येतेय तुमच्याकडे. तिला जाऊन तीन वर्षं झाली."