खिडकीतला एक्स-रे

"हृदय ठणठणीत आहे, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण स्कॅनमध्ये फुप्फुसात बारीक ठिपका दिसला. छातीचा जुना एक्स-रे आणा. ठिपका त्यातही असेल, तर निर्धास्त राहा." कर्वेनगरच्या घरी परतताच सबनीसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपला एक्स-रे सोडवला. काच फुटली तेव्हा 'नवी कशाला हवी?' म्हणत बायकोने तो तिथे चिकटवला होता. ती वारली, तरी तो तिथेच राहिला. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कोपऱ्यावरची चिकटपट्टी सोलली. "काका, इथे कुंदा सबनीस लिहिलंय. हा तुमचा नाही. मग तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ठिपका वाढलाय का, ते पाहू. घरी कोण असतं?" "कोणी नाही." सकाळी उठून त्यांनी एक्स-रे जागच्या जागी चिकटवला. कुंदाच्या बरगड्यांतून ऊन ओट्यावर उतरलं. "डॉक्टरबाईंना चुकीचं सांगितलं गं," चहाचा घोट घेत सबनीस म्हणाले.