इंदूचं यान

२००३ साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हरसूलकडच्या सातवीतल्या इंदू भोयेने पुठ्ठ्याचं अंतराळयान मांडलं. त्यात बायकांसाठी वेगळा संडास होता, त्यांच्या मापाचे पोशाख होते आणि महिन्याच्या कापडांना एक कप्पाही होता.

"इंजिनाच्या आधी हे कशाला?" परीक्षकांनी विचारलं.

"बाया दिवसभर लघवी दाबून कशा बसतील, सर?"

यानाला पहिला नंबर मिळाला. पण नंतर पंधरा दिवस इंदू शाळेत आलीच नाही, म्हणून तिच्या वर्गशिक्षिका सुवर्णाबाई प्रमाणपत्र घेऊन घरी गेल्या.

"ती आता नाय यायची, बाई," आई म्हणाली. "पोर मोठी झाली. शाळंत मुतारी नाय, कुठं जाईल ती?"

सुवर्णाबाईंनी प्रमाणपत्र आईच्या हातात दिलं.



गेली अकरा वर्षं त्या स्वतः शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हत्या.