ऐंशी नंबरचं दार

"चौथ्यांदा फेल!" गौरीनं लॅपटॉप पुढं सारला. "आत्या, आता एकच खेप उरली. पाच चुका झाल्या की तासभर थांबवतंय ते."

खव्याच्या भट्टीवर तिच्या सासूचा, मथुराबाईचा, हात थांबला नाही. थांबला असता तर खवा करपला असता. पण डोळे सुनेकडंच. ईट गावातल्या बायकांच्या गटाचा खवा ज्या वेबसाइटवर विकला जायचा, ती कालपासून उघडली की लाल अक्षरांत 'सुरक्षित नाही' असं यायचं. साइट सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. दरवेळी ते बदलून देणारा धाराशिवचा माणूस फोन उचलायला तयार नाही. आणि पुण्याच्या मिठाईवाल्यानं बजावलेलं, बारापर्यंत साइट नीट झाली तर ठीक, नाहीतर दिवाळीचा खवा दुसरीकडून. साडेअकरा वाजून गेले होते.

गौरी काही लेचीपेची नव्हती. काल दिवसभर बसून तिनं सर्व्हर स्वतःच्या हातात घेतला, त्यात शिरायची नको ती दारं, म्हणजे पोर्ट, बंद केली, सर्टिफिकेट आपोआप आणणारा प्रोग्रॅम बसवला. तरी घोडं अडलं ते अडलंच.

"आणतंय कुठनं ते?" मथुराबाईनं विचारलं.

"सर्टिफिकेट देणाऱ्यांचा तपासणारा आपल्या सर्व्हरवर येतो. साइट आपलीच हाय का बघतो, मग देतो."

"दारानंच येत आसंल की. कंच्या?"

"ऐंशी नंबरच्या."

"आन् ते उघडं हाय व्हय? मागं कुत्री शिरतेत म्हणून म्या कडी लावली, आन् भट्टी तपासायला आलेला सायेब माघारी गेला. ध्यानात हाय न्हवं?"

गौरीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! ते तर मीच लावलंय!"

सगळ्यांत आधी तेच लावलं होतं, जास्तीची खबरदारी म्हणून. तिनं ते उघडलं आणि श्वास रोखून पाचव्यांदा बटण दाबलं. साइट पुन्हा उघडून बघितली. लाल अक्षरं गेली होती. तिला एकदम रडूच आलं.

पावणेबाराला पुण्याहून फोन आला. मथुराबाईनं एका हातानं उलथणं फिरवत दुसऱ्या हातानं तो घेतला.

"झालं की हो! कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत?"

"कंपनी कशाची?" मथुराबाईचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "आमच्या सुनंनं केलंय. आन् हितनं फुडं ते आपलं आपण नवं होतंय, कुणाच्या पाया पडायचं काम न्हाय. तुमच्या साइटचं कधी काय आडलं तर सांगा. तिला येळ हाय का इचारून बघते."