दस्तीखालचा सौदा

मल्लिनाथअप्पांनी ती एसएसडी तळहातावर घेतली आणि हात दोनदा वरखाली केला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तुरीचा अंदाज घेतात तसा.

"ह्यात काय न्हाई," ते म्हणाले. "पोचट माल हाय."

उदगीरच्या हरिओमच्या दुकानात त्यांच्या लेकीचा, दामिनीचा, कम्प्युटर जोडून होत आला होता. तिचं सगळं काम साठवून ठेवणारी ही एवढीशी वस्तू तेवढी निवडायची राहिली होती. काउंटरवर दोन होत्या. एक पत्र्याच्या चपट्या डबीतली. दुसरी नुसती बोटभर पट्टी. अप्पांनी पट्टी खाली ठेवली आणि डबी उचलली.

"हे बघ. हे भरीव हाय."

"अप्पा, त्या डबीत निम्मी हवाच हाय," हरिओम हसला. "खरा माल ह्या पट्टीत. डबीची वॉरंटी एक वर्ष, पट्टीची पाच. ताईंचं काम लग्नाच्या व्हिडिओचं. रोज भरायचं, रोज पुसायचं. डबी दमती त्याला."

"अस्सं! म्हंजे टरफलाला भुललो की मी!" अप्पा खळखळून हसले. आयुष्य अडतीत गेलं, पण आपली चूक झाली म्हणायला त्यांना कधी जड गेलं नाही. घरात हा गुण त्यांच्या एकट्याचाच.

"मला डबीच दे, हरिओम," दामिनी म्हणाली.

"ताई, पट्टी लई फास्ट..."

"डबीच दे म्हणलं न्हवं? वरीसभर चालली तरी लई झालं."

भावात फार फरक नव्हता, आणि पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे होते. तिला अडवत होती ती पाच वर्षं. नांदायचं सोडून ती माहेरी आली त्याला पावसाळा उलटला होता. परत जायचं नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, पण तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळीच आई, गंगम्मा, दारात उभी राहून म्हणाली होती, "खोलीत एवढं सामान कशाला मांडायलीस माय? दिवाळी झाली की पोचवायचंच हाय तुला." अप्पा तेव्हा कपाळाला विभूती लावत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं दामिनीला दुकानापर्यंत टोचत आलं होतं. बापाच्या घरात पाच वर्षांची वस्तू कोणत्या तोंडानं न्यायची?

तेवढ्यात मडिवाळप्पा उगवले. अप्पांच्याच गल्लीतले, मोंढ्यातलेच, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते रस्त्यावरून ओळखणारे. आले होते झेरॉक्स काढायला.

"काय दामिनी! माहेरपण चालूच हाय म्हणायचं. आजून किती दिवस मुक्काम?"

माहेरवाशिणीला हे सगळेच विचारतात. मायेनंही विचारतात. पण दामिनीनं मान वर केली नाही. ती डबीकडे बघत राहिली.

अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, काउंटरवर पसरली आणि तिच्याखाली आपला हात घातला.

"आण हात."

मोंढ्यातला जुना सौदा असाच व्हायचा. कापडाखाली हातात हात घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती किती का माणसं असेनात, कळायचं ते दोघांनाच. दामिनी परकरात होती तेव्हा अप्पांनी तिला हे शिकवलं होतं. पेढे किती पाहिजेत, ते ती आईच्या नाकासमोर दस्तीखाली सांगायची.

"अप्पा, इथं काय आता..."

"आण म्हणलं की. किती वर्षांची ग्यारंटी घ्यायची, सांग. तोंडानं न्हाई."

तिनं दस्तीखाली हात घातला आणि अप्पांचं एक बोट धरलं.

अप्पांनी मान हलवली. पटलं नाही.

तिनं दोन बोटं धरली.

अप्पांनी तिची बोटं सोडवली. मग तिचा अख्खा पंजा आपल्या मुठीत घेतला आणि दाबला. पोतं शिवून शिवून घट्टे पडलेला तो हात. दामिनीनं मान खाली घातली.

मडिवाळप्पा मान लांब करून बघत होते. "काय भाव फुटला, अप्पा?"

"दस्तीखालचं कुणी विचारतंय का?" अप्पा म्हणाले. "तुम्ही बी मोंढ्यातलेच न्हवं?"

मडिवाळप्पा आपले कागद घेऊन निघाले.

"मग ताई, कोणती लावू?" हरिओमनं विचारलं.

किती दिवसांनी दामिनीला आपल्या घरात असल्यासारखं वाटलं होतं, तेही दुकानात. तिनं मोकळ्या हातानं पट्टीकडे बोट केलं. हरिओमनं पट्टी खाचेत बसवली आणि तिचा बारीकसा स्क्रू आवळला.

दस्ती अजून तशीच पसरलेली होती.

"अप्पा," दामिनी हळूच म्हणाली, "सौदा झाला की हात सोडतेत."

"ते मोंढ्यात," अप्पा म्हणाले.