तिसरी रेघ

"हा माणूस आत्ता माझ्यासमोर असता ना, तर मी त्याला खुर्चीतून उठूसुद्धा दिलं नसतं," पडद्याकडे बोट दाखवत सर्जन म्हणाले.

पडद्यावर तीन रेघा पळत होत्या. पहिल्या दोन शहाण्या मुलींसारख्या मोजून उड्या मारत चालल्या होत्या. तिसरी मात्र चालता चालता अंग टाकायची, चांगली चार सेकंद आडवी पडायची आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागायची.

"चार सेकंद!" डॉक्टरबाईंचे डोळे लकाकले. हृदयाचा बिघडलेला ताल हा त्यांचा खास प्रांत. "काय सुंदर केस आहे हो! आजच्या आज पेसमेकर बसवायला हवा. कुठे सापडला हा पेशंट?"

कंपनीच्या मालकांनी घसा खाकरला. "पेशंट असा नाही... म्हणजे, हे तुम्ही तिघंच आहात."

तिघांच्याही माना पुन्हा पडद्याकडे वळल्या.

छातीवर चिकटवायची आणि ठोके टिपत राहायचं, एवढंच त्या पट्टीचं काम. ती बाजारात आणायची की नाही, हे आज तीन तज्ज्ञ सल्लागार ठरवणार होते. अंगावर लावून बघितल्याशिवाय मत देणार नाही, ही अट त्यांचीच. कोणती रेघ कोणाची हे कंपनीलाही कळता कामा नये, हीसुद्धा त्यांचीच. म्हणून तिघांनी पिशवीत हात घालून एकेक बंद पाकीट उचललं होतं आणि एकेक करून बाथरूममध्ये जाऊन पट्टी लावून आले होते. रेघेचा आकडा पट्टीच्या आतल्या बाजूला. पट्टी काढली की उलगडा झाला असता. पण शर्टाच्या बटणाला हात लावायला कोणी तयार होईना.

कोपऱ्यात बसलेल्या इंजिनियरचा पाय टेबलाखाली थांबत नव्हता. पट्टी त्याने बनवलेली, म्हणून ऑफिसात त्याचं नाव पट्टीवाला. पट्टी चुकली असेल तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. बरोबर असेल तर समोरच्या तिघांतलं एक माणूस कधीही कोसळणार. आता काय व्हावं म्हणून देवाला हात जोडावेत, हेच त्याला कळेना. त्यात मुख्य सल्लागार, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते त्याचे सख्खे काका.

"मी रोज सकाळी पळतो," सर्जननी जाहीर केलं.

"ताल हा माझा विषय आहे. मला माझा कळणार नाही?" बाई म्हणाल्या.

"सोपं आहे," मोठे सर म्हणाले. "तीन धडधाकट माणसं आणि एक आजारी रेघ. मग बिघडलंय काय? यंत्र!"

तिघांचं एकमत झालं. या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. टेबलाखाली मात्र तिघंही आपापलं मनगट चाचपत होते.

मालक आधी पाण्याचे पंप विकायचे. हृदय म्हणजे तरी काय, पंपच, या हिमतीवर ते या धंद्यात उतरले होते. वातावरण हलकं करायला त्यांनी जाहिरातीचं पत्रक पुढे सरकवलं. "तोवर हे बघून घ्या. तुमचे तिघांचे फोटो टाकलेत."

सर्जननी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "मी कुठाय?"

"तो काय, बाईंच्या मागे."

"हा कान आहे. माझा नुसता कान छापलाय तुम्ही!"

पडद्यावर पहिली रेघ उसळली.

मालकांना घाम फुटला. "छोटी चूक आहे साहेब! बाईंना कापतो आणि तुम्हाला पुढे घेतो."

"कापा ना," बाई गोड हसून म्हणाल्या. "मला काय फरक पडतोय?" आणि दुसरी रेघ शेपूट पिरगळल्यासारखी उधळली.

पट्टीवाल्याचा पाय जागच्या जागी थांबला. सर्जननी पडद्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. तिसरी रेघ निवांत पडून होती. मग सर्जन छताकडे बघू लागले आणि बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मोठ्या सरांच्या शब्दाशिवाय दोघांचंही पान हलत नसे. सांगणार कोण?

"माझा फोटो बरा आलाय," पत्रक खाली ठेवत मोठे सर म्हणाले. "चला, मत घेऊन टाकू. पट्टी सदोष आहे असं कोणाकोणाला वाटतं?"

सर्जनचा हात वर गेला, नजर छतालाच होती. बाईंचा हात कानापर्यंत गेला आणि केस सारखे करत तिथेच रेंगाळला.

पट्टीवाला उभा राहिला. "काका, एकदा पट्टी काढून आकडा बघा ना."

"इथे मी तुझा काका नाही."

"बरं, सर. पण बघा. हवं तर नंतर मला कामावरून काढा."

"खाली बस. माझं मत राहिलंय," म्हणत मोठ्या सरांनी हात उचलला.

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ओठांवर आलेलं नाव विसरावं तसा त्यांचा चेहरा झाला. पडद्यावर तिसरी रेघ आडवी झाली होती. बाईंचा हात केसांतून निघाला.

रेघ उठली. मोठ्या सरांनी डोळे मिचकावले, अधांतरी राहिलेल्या आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं आणि तो हळूच टेबलावर ठेवला.

"मग सर," सर्जननी अगदी जपून विचारलं, "तुमचं मत काय धरायचं?"

मोठ्या सरांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावरून पुतण्याकडे सरकवली.

"बाळ्या," ते म्हणाले, "गाडी तू चालव."