मिरच्यांखालचं नाव

“तेवढं नाव सोड. बाकी काय खरवडायचं ते खरवड,” काशीराम म्हणाला आणि ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिला.

प्रीतमने हातातली पट्टी खाली घेतली. काशीरामच्या पाठीमागे पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटने ‘दिशा’ लिहिलं होतं. दोन्ही बाजूंना एकेक कमळ होतं.

दहिसर चेकनाक्याजवळच्या त्या मोकळ्या प्लॉटवर आज एवढंच काम होतं. मसाल्याच्या एका कंपनीचा माल वाहायचं काम काशीरामच्या गाडीला मिळालं होतं, आणि ट्रेलर त्यांच्या जाहिरातीने मढवून द्यायची अट होती. विनाइलचे छापील पट्टे गुंडाळ्या होऊन आले होते. सगळे चिकटले की पत्र्यावर लाल मिरच्यांचा डोंगर दिसणार होता.

“काका, हाताने दिलेला रंग जाड असतो,” प्लॉटचा मालक सर्वेश म्हणाला. “विनाइल पातळ. खालचं नाव वर उमटणार. संध्याकाळी कंपनीचा माणूस बघायला येतोय. मिरच्यांतून दिशा डोकावली तर सगळं काम रिजेक्ट, यार!”

“मग जातो गाडी घेऊन.”

“आणि कंपनीचं काम?”

“जाऊ दे.”

सर्वेशने कपाळावर हात मारला. ज्या कामासाठी काशीरामने वर्षभर कंपनीच्या दारात चपला झिजवल्या, ते एका नावापायी सोडून द्यायचं म्हणजे कमालच झाली. त्याला हे मुळीच कळेना. प्रीतमला मात्र कळलं. गाडीवर पोराबाळांची नावं घालायची पद्धतच आहे. त्याच्या स्वतःच्या स्कूटरवर लेकीचं, मीराचं नाव होतं, आणि त्याला कुणी पट्टी लावली असती तर त्याने मारामारी केली असती.

“मी बघतो काहीतरी,” तो सर्वेशला म्हणाला. “उमटलं तर मला बोल.”

त्याने पॉलिशपेपर पाण्यात भिजवला आणि अक्षरांच्या कडा हलक्या हाताने घासत बसला. कडा पत्र्याला भिडल्या, मधला पिवळा रंग तसाच राहिला. मग त्यावर त्याने पारदर्शक लॅकर मारलं.

“हे कशाला?” काशीरामने घाबरून विचारलं.

“उद्या विनाइल काढलं, तर नाव त्याच्याबरोबर निघून यायला नको ना.”

काशीरामने एक पुठ्ठा आणला आणि ओल्या लॅकरवर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून आडवा धरून उन्हात उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टे मागच्या टोकाकडून लावत पुढे यायचं असतं, नाहीतर गाडी पळायला लागली की वारा सांध्यात शिरतो. त्यामुळे नावाची पाळी शेवटी येणार होती. प्रीतमने साबणाचं पाणी फवारलं, पहिला पट्टा वरून टेकवला आणि आतली हवा रबरी पट्टीने बाहेर काढायला लागला.

“लाडकी दिसतेय,” तो म्हणाला.

“कधी उलटून बोलली नाही बघ.” काशीराम हसला. “आंबोली घाटात एकदा ब्रेक लागेना. तिला म्हटलं, दिशा, बाप घरी पोचला पाहिजे गं. पोचलो.”

“आता मोठी असेल?”

“लग्न झालं असेल. एखादं पोर पण असेल.”

प्रीतमचा हात थांबला. “कुठे असते?”

“असेल कुठेतरी. सुखात असली म्हणजे झालं.”

घर सोडून गेलेल्या पोरी प्रीतमच्या चाळीतही होत्या, आणि त्यांचे आईबाप असंच बोलत. त्याला काशीरामची फार दया आली.

दुपारी काशीरामची बायको मालन डबा घेऊन बोरिवलीहून आली. नवऱ्याच्या हातात डबा देऊन ती आधी नावापाशी गेली. लॅकर सुकलं का म्हणून विचारलं, मग लांबूनच दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकडा मोडली.

“दर दिवाळीला ओवाळते तिला,” काशीराम प्रीतमला म्हणाला. “घरी पहिला लाडू केला तरी गाडीत ठेवते. मला नंतर.”

शेवटचा पट्टा लावताना दोघं जवळ येऊन उभी राहिली. मिरच्या पहिल्या कमळावर आल्या, मग एकेका अक्षरावर. प्रीतमने हीटगनची गरम हवा हळूहळू फिरवली, कडा दाबल्या आणि वरून तळवा फिरवला. हाताला काही लागलं नाही.

“घुसमटणार नाही ना रे?” मालनने विचारलं.

“नाही काकू. उन्हापावसापासून जपली जाईल उलट.”

मालनने पदराने डोळे पुसले. प्रीतमलाही भरून आलं.

कंपनीचा माणूस आला, ट्रेलरला फेरी मारून झकास म्हणाला आणि गेला. सर्वेशचा जीव भांड्यात पडला. काशीराम गाडी चालू करायला केबिनमध्ये चढला.

मालन डब्याची पिशवी आवरत होती. न पाहिलेल्या त्या पोरीचा प्रीतमला आता खरोखरच राग आला होता.

“काकू, रागवू नका, पण एक फोन तरी करायला नको का तिने? एवढा जीव लावणारे आईबाप कुणाला मिळतात?”

“तिका कित्याक बोल लावतंस, झिला?” मालन म्हणाली. “आम्ही आहोत हे तरी तिला कुठे ठाऊक आहे? ट्रेलर जुना घेतला ना आम्ही, नाव त्याच्यावर होतंच.”